'लोकल पोलीस आणि इमिग्रेशन', लायब्ररीतला फ्री क्लास, न्यू जर्सी : ५ पैकी ४ स्टार

एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसने आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) लायब्ररीत हा क्लास घेतला, फ्री होता, आणि विषय एवढाच की गावातले पोलीस इमिग्रेशनच्या बाबतीत काय करू शकतात आणि काय नाही. व्हिसावर असलेल्या प्रत्येकाने जावं असं मला मनापासून वाटतं, त्यातही एच-फोरवर (नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असलेल्या बायकांनी आणि ज्यांच्याकडे आईबाबा किंवा सासूसासरे राहायला आलेत त्यांनी तर नक्कीच. कारण आपल्या ग्रुप्सवर जे फॉरवर्ड्स फिरतायत ते वाचून लोक ९११ ला (पोलिसांच्या इमर्जन्सी नंबरला) फोन करायलाही घाबरायला लागलेत, आणि हे फार वाईट आहे.

शिकवणाऱ्या वकीलबाई एकदम छान, घाई नाही आणि घाबरवणं तर अजिबात नाही. त्यांनी सगळ्यात आधी टाउनचे पोलीस, काउंटीचा शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि आइस (इमिग्रेशनचे कायदे राबवणारं केंद्र सरकारचं खातं) ही तीन वेगवेगळी खाती आहेत हे डोक्यात पक्कं बसवलं. इमिग्रेशनचा कायदा फेडरल म्हणजे केंद्राचा आहे, आणि फेडरल सरकार राज्याच्या किंवा गावच्या पोलिसांना 'आमचं काम तुम्ही करा' अशी सक्ती करू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये प्रिंट्झ केसमध्ये हे तत्त्व सांगितलं (ती केस बंदुकांच्या कायद्याची होती पण तत्त्व इथेही लागू होतं). मग काही ठिकाणी पोलीसच आइसचं काम कसं करतात? तर १९९६ च्या कायद्यातलं कलम २८७(जी). एखादं शेरीफ ऑफिस किंवा राज्य स्वतःहून करार करतं, आइस त्यांच्या माणसांना ट्रेनिंग देतं आणि मग त्यांना इमिग्रेशनचे काही अधिकार मिळतात. काही करार फक्त जेलपुरते असतात, पण एक टास्क फोर्सवाला प्रकार आहे ज्यात रस्त्यावरचा पोलीसच चौकशी करू शकतो. तो २०१२ मध्ये बंद केला होता, २०२५ मध्ये परत सुरू झाला. यात काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणून ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचं सांगितलं. तिथल्या शेरीफचे लोक लॅटिनो दिसणाऱ्या ड्रायव्हर्सना थांबवायचे आणि २०१३ मध्ये फेडरल कोर्टाने हा वंशावरून केलेला भेदभाव आहे असा निकाल दिला. आपण सावळी माणसं, त्यामुळे हॉलमध्ये एकदम शांतता झाली हे ऐकून.

आता न्यू जर्सीचं. इथे ॲटर्नी जनरलचं (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं) २०१८ चं इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह म्हणजे पोलिसांना दिलेला आदेश आहे, त्याप्रमाणे लोकल पोलीस फक्त इमिग्रेशन स्टेटसवरून (इथे राहण्याच्या कायदेशीर दर्जावरून) कोणाला थांबवू किंवा अरेस्ट करू शकत नाहीत. काही काउंट्या याच्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या पण २०२१ मध्ये अपील कोर्टाने डायरेक्टिव्ह कायम ठेवलं. पण हे बंधन राज्याच्या आणि गावच्या पोलिसांवर आहे, आइसवर नाही! ते न्यू जर्सीत येऊन त्यांचं काम करू शकतात, आणि हा फरक आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतो. शिवाय गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल किंवा जज्जची सही असलेली डिपोर्टेशनची फायनल ऑर्डर असेल तर जेल आइसला कळवू शकते.

माझ्या मते क्लासचा सगळ्यात मोलाचा भाग जेलचा होता. आपण सगळे ट्रॅफिक स्टॉपला घाबरतो पण खरी गाठ पडते ती बोटांच्या ठशांपाशी. गुन्ह्यासाठी अरेस्ट होऊन ठसे घेतले की ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे (आइस ज्याच्या हाताखाली येतं ते खातं), मग तुमचं राज्य सँक्चुअरी (आइसला मदत मर्यादित ठेवणारं) असो की नसो. त्यानंतर आइस जेलला 'डिटेनर' पाठवू शकतं, म्हणजे या माणसाला सुटायच्या वेळेनंतर अजून ४८ तासांपर्यंत ठेवा अशी विनंती, आणि त्यावर जज्जची सही नसते, आइसच्याच अधिकाऱ्याची असते. दारू पिऊन गाडी चालवताना अरेस्ट झाली तर कोर्टात काहीच सिद्ध व्हायच्या आधी कॉन्सुलेट व्हिसा रद्द करू शकतं, २०१५ पासून तसा नियम आहे. लगेच देश सोडावा लागतोच असं नाही कारण व्हिसा (देशात यायचा परवाना) वेगळा आणि स्टेटस वेगळं, पण एकदा भारतात गेलात की नवीन स्टँपिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) झाल्याशिवाय परत येता येत नाही. पार्टीनंतर 'दोनच बिअर झाल्यात, जातो की मी' म्हणणाऱ्यांनी हा भाग ऐकाच ऐका.

राज्य बदललं की नियम बदलतात हेही नीट सांगितलं. टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्याने पोलिसांना स्टेटस विचारायची मोकळीक आहे, आणि फ्लोरिडात तर २०२५ मध्ये सगळ्या ६७ काउंट्यांच्या शेरीफांनी २८७(जी) चे करार केलेत. आईबाबांना घेऊन ऑर्लँडोला जाणाऱ्यांनी त्यांच्या आय-९४ ची (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) प्रिंट बरोबर ठेवा, तसाही १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने हा कागद जवळ बाळगावा असा फेडरल कायदाच आहे. दारावर कोणी आलं तर वॉरंटवर जज्जची सही आहे का बघायचं वगैरे भाग बऱ्याच जणांना माहीत असेल, तो पटकन झाला.

आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते म्हणजे यू व्हिसा, गुन्ह्याचा त्रास झालेल्यांसाठीचा व्हिसा. घरात मारहाण होत असेल, किंवा दुसऱ्या काही ठराविक गंभीर गुन्ह्यांचा त्रास झाला असेल आणि तुम्ही तपासात मदत केली, तर लोकल पोलीस एका फॉर्मवर सही करून ते सर्टिफाय करू शकतात आणि त्यावर यू व्हिसाचा अर्ज करता येतो. वर्षाला १०,००० च मिळतात म्हणून रांग खूप लांब आहे. पण एच-फोरवरच्या बायकांसाठी अजून एक गोष्ट आहे, नवरा छळ करत असेल तर त्याच्या सहीशिवाय वर्क परमिटचा अर्ज करता येतो, आय-७६५-व्ही नावाचा वेगळा फॉर्म आहे. 'पोलिसांना बोलावलंस तर तुलाच परत पाठवतील' असं ऐकवून गप्प बसवलेल्या बायका आपल्या लोकांतही आहेत. गावचा पोलीस इमिग्रेशनचं काम करायला लागला की सगळ्यात आधी या बायका फोन करायच्या बंद होतात, आणि मला तर हे एकच कारण पुरेसं वाटतं की ही दोन कामं वेगळीच राहिली पाहिजेत.

एक स्टार कापला तो का, तर हँडआउट फक्त इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये. या भागात एवढे देसी लोक आहेत, हिंदी गुजराती तरी ठेवायला हवं होतं, माझ्या शेजारी बसलेल्या काकूंना अर्धं मलाच समजावून सांगावं लागलं. प्रश्नोत्तरांचा वेळ एच-वनचं स्टँपिंग आणि लेऑफ यातच गेला, विषय हा नाही असं सांगून कोणीतरी थांबवायला पाहिजे होतं. आणि शेवटी पेड कन्सल्टेशनचं सांगितलं, त्याला हरकत नाही, पण रेट विचारल्यावर 'ऑफिसला फोन करा' हे मला पटलं नाही, फी तिथल्या तिथे सांगावी.

पुढच्या वेळी क्रिमिनल डिफेन्सचा वकीलही बोलवा असं मी फीडबॅकमध्ये लिहून आलेय. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिल्ला केसमध्ये म्हटलंय की गुन्हा कबूल केला तर डिपोर्टेशन होऊ शकतं का हे वकिलाने अशिलाला आधी सांगायलाच हवं, आणि शॉपलिफ्टिंगसारख्या केसमध्ये 'दंड भरून मोकळे व्हा' म्हणून प्ली घेणाऱ्या (गुन्हा कबूल करून केस मिटवणाऱ्या) मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

रजिस्ट्रेशन लायब्ररीच्या साइटवर होतं, नाव आणि ईमेल एवढंच मागतात, स्टेटस कोणी विचारत नाही. खुर्च्या कमी आहेत, जरा लवकर जा.