बाराशे रुपये तासाचं खेळणं: नळ स्टॉपजवळच्या प्ले थेरपी सेंटरबद्दल

प्ले थेरपी म्हणजे खेळता खेळता मुलाच्या मनातलं बाहेर येऊ देणारी उपचारपद्धत. सेंटर पुण्यातल्या कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तिथल्या थेरपिस्ट ताई चांगल्या आहेत; उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. फी एका वेळेची बाराशे. तास म्हणतात, पण पाऊण तासच असतो. मी आयुष्यभर बालवाडी चालवली. 'खेळातून विकास' या नावाखाली काय काय विकलं जातं ते पुरेपूर बघितलंय, तेव्हा पहिल्या दिवसापासून माझी नजर बारीकच होती.

नातू पावणेतीन वर्षांचा. (त्याचं नाव लिहिलं तर मोठा झाल्यावर माझ्याशी भांडेल.) धाकटी बहीण घरी आली आणि हा चावायला लागला. आईला, मला, पाळणाघरातल्या एका मुलीलाही. चांगलं घडाघडा बोलायचा, तो पुन्हा 'मम' आणि 'भुर्र'वर आला. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्यात आधी कान तपासून घ्यायला लावले, मग वाढीचे टप्पे पाहिले आणि त्यानंतर इकडे पाठवलं. हा क्रम सोडू नका. मूल बोलत नाही म्हणून कुणीतरी सांगितलं आणि थेट प्ले थेरपीला नेलं, असं करण्यात अर्थ नाही. ऐकू नीट येतंय का, ऑटिझमची लक्षणं आहेत का, हे आधी डॉक्टरांनी बघायचं. अडचण बोलण्याचीच असेल तर त्याला स्पीच थेरपिस्ट लागतो, ते काम वेगळं.

खोली लहान, खाली सतरंजी. खेळणी मोजकी, उघड्या फळ्यांवर, आणि दर वेळी त्याच जागी. बाहुल्यांचं एक कुटुंब, डॉक्टरची पेटी, ठोकळे, वाळूचा ट्रे, प्राण्यांत वाघ आणि मगर मुद्दाम ठेवलेले, कारण राग कुणाच्या तरी तोंडून निघायला हवा. तुळशीबागेतली असते तशी लाकडी भातुकली. सेलवर गाणारं, दिवे लावणारं एकही खेळणं नाही. इथे मी पहिला गुण दिला. खेळणंच गायला लागलं की मूल नुसतं बटण दाबत बसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शंखशिंपले, बिया, पानं यांच्यावर बालवाड्या उभ्या केल्या. आमची पिढी तेच बघत तयार झाली.

एवढ्या लहान मुलाला एकट्याला आत घेत नाहीत. आई, बाबा किंवा आजी, कुणीतरी खाली बसायचं. (गुडघ्यांचं मागाहून सांगते.) पहिल्या काही वेळा त्याने बाहुलीतलं बाळ उचललं, भातुकलीच्या पातेल्यात कोंबलं आणि वर झाकण दाबलं. सूनबाईचा चेहरा उतरला. माझ्या तोंडावर आलं होतं, "अरे, बाळाला असं करतात का?" ताईंनी हाताने थांबवलं आणि त्याला एवढंच म्हणाल्या, "बाळाला आत ठेवलंस. झाकणही लावलंस." प्रश्न नाही, शाबासकी नाही, उपदेश नाही. तो थांबला, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाळ नको." कितीतरी दिवसांनी दोन शब्द जोडून बोलला होता.

म्हणजे सगळं चालवून घेतात असं नाही. एकदा त्याने ठोकळा ताईंच्या अंगावर भिरकावला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "खूप राग आलाय तुला. ठोकळा माणसाला मारायचा नाही. ती उशी आहे, तिला मार." आधी राग ओळखायचा, मग नियम सांगायचा, मग दुसरी वाट दाखवायची, आणि तिन्ही एका दमात. ऐकायला सोपं आहे. घरी वरणाची वाटी उडाल्यावर करून बघा.

मुलाच्या मागे जायचं, त्याला ओढायचं नाही, ही पद्धत व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन बाईंनी १९४० च्या दशकात मांडली. नंतर गर्नी पती-पत्नींनी आईवडिलांनाच हे शिकवायला सुरुवात केली, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. आम्हाला एक खोका करायला सांगितला: दोन बाहुल्या, थोडी भातुकली, गाडी, खडू, कणकेचा गोळा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत, धाकटी आजोबांकडे, आणि आईने फक्त याच्याजवळ बसायचं. 'हा कुठला रंग? हा प्राणी कोणता?' असली परीक्षा घ्यायची नाही. आमच्या सूनबाईला हे जमलं. माझ्या मुलाची, म्हणजे याच्या बाबाची, पाच मिनिटांत रंग ओळखायला लावायची खोड गेली नाही, त्यामुळे त्याला ताईंनी पुन्हा वेगळं बोलावलं. बरं केलं.

चावणं कमी झालंय, थांबलेलं नाही. तिसरं सरत आल्यावर थोडं आपोआपही कमी होतं, तेव्हा सगळं श्रेय सेंटरला देणार नाही. बोलणं मात्र परत आलं.

आता तक्रारी. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सतत कार्टून. दोन वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय, आणि इथे आत जायच्या आधीच मूल पडद्याला चिकटतं. सांगितलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "पालकच लावायला सांगतात, काकू." दुसरं, ते गुडघ्यांचं: खाली बसणाऱ्या मोठ्यांना टेकायला आत एक लोडसुद्धा नाही. लिफ्ट नाही. आणि दहा वेळांचे पैसे एकदम भरा म्हणून फार मागे लागतात. भरू नका, एकेका वेळेचे देता येतात.

कुठेही जा, पण समोरच्याचं मूळ शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागायला लाजू नका. आठवड्याच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून 'थेरपिस्ट' म्हणवणारेही आपल्या गावात आहेत. इथल्या ताईंनी विचारताच कागद काढून दाखवला.

पाचपैकी चार. शनिवारची वेळ मिळत नाही, मंगळवारी सकाळी मागा. गाडी लावायला जागा शून्य. आम्ही वनाजहून मेट्रोने नळ स्टॉपला उतरून चालत जातो.