ओपनएसएसएल ३.५ : सी प्रोग्रामरच्या नजरेतून परीक्षण

सी भाषेत टीएलएस, म्हणजे नेटवर्कवरचा संवाद एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची, जोडणी लिहायची म्हटलं की बहुतेकांच्या हाती आधी ओपनएसएसएलच येते. एसएसएलईएवाय या जुन्या लायब्ररीतून १९९८ च्या डिसेंबरात ती निघाली आणि आजही जवळपास प्रत्येक लिनक्सवर आयती मिळते. इथे परीक्षण तिच्या फक्त लिबएसएसएल या भागाचं आहे : सॉकेटवर एन्क्रिप्टेड जोडणी उभी करणं, चालवणं आणि नीट बंद करणं. आवृत्ती ३.५. ती एप्रिल २०२५ मध्ये आली, आणि दीर्घ मुदतीची असल्यामुळे एप्रिल २०३० पर्यंत तिच्या दुरुस्त्या मिळत राहतील.

निकाल आधीच सांगते. एन्क्रिप्शनचं काम ही लायब्ररी उत्तम करते. पण पलीकडे नेमकं कोण आहे, हे ती आपणहून तपासत नाही. ते तिला सांगावं लागतं. आणि एखादी पायरी सांगायची राहिली तरी प्रोग्राम चालतो, डेटा येतो-जातो, कुठेही लाल दिवा लागत नाही. नव्या माणसासाठी या लायब्ररीतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

बसवणं सोपं आहे. डेबियन घराण्यात लिबएसएसएल-डेव्ह आणि फेडोरात ओपनएसएसएल-डेव्हेल हे पॅकेज घ्यावं. लिंक करताना आधी एसएसएल, मग क्रिप्टो असा क्रम ठेवावा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, त्यामुळे स्टॅटिक लिंकिंगमध्ये क्रम उलटा झाला की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या ओळींचा पाऊस पडतो. एकाच मशीनवर दोन प्रती असल्या, म्हणजे एक सिस्टमची आणि एक सोर्सवरून बांधलेली, तर हेडर एकीचे आणि चालताना लायब्ररी दुसरीची असा घोळ होतो. प्रोग्राम सुरू होताना ओपनएसएसएल_व्हर्जन या फंक्शनचं उत्तर लॉगमध्ये छापायची सवय लावावी. प्रत्यक्ष कोणती प्रत लोड झाली ते त्यातून कळतं.

क्लायंटचा क्रम असा. टीएलएस_क्लायंट_मेथड देऊन एसएसएल_सीटीएक्स_न्यू ने संदर्भ (कॉन्टेक्स्ट, म्हणजे जोडण्यांच्या सामायिक सेटिंगांचा संच) बनवायचा. आवृत्ती १.१.० पासून सुरुवातीला लायब्ररी इनिट करायची गरज उरलेली नाही, त्यामुळे जुन्या नमुन्यांतल्या त्या ओळी खुशाल काढून टाकाव्यात. किमान प्रोटोकॉल टीएलएस १.२ ठरवायचा. विश्वासू सर्टिफिकेटांचा (ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांचा) साठा लोड करायचा, व्हेरिफाय मोड लावायचा. मग प्रत्येक जोडणीसाठी एसएसएल_न्यू, होस्टचं नाव दोन ठिकाणी (कोणत्या ते पुढे येतं), एसएसएल_सेट_एफडी आणि शेवटी एसएसएल_कनेक्ट. संदर्भ एकच असावा आणि तो सगळ्या जोडण्यांनी वाटून घ्यावा. दर जोडणीला नवा संदर्भ बनवणारा कोड पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यात सर्टिफिकेटांचा अख्खा साठा प्रत्येक वेळी नव्याने वाचला जातो.

आता तपासणी. क्लायंटचा मूळ मोड एसएसएल_व्हेरिफाय_नन आहे. याचा अर्थ सर्टिफिकेट तपासलं जातं, निकाल आत नोंदला जातो, पण तो काहीही असला तरी हँडशेक (जोडणीच्या सुरुवातीची बोलणी) पूर्ण होतो. निकाल हवा असेल तर एसएसएल_गेट_व्हेरिफाय_रिझल्ट ने स्वतः विचारावा लागतो. शिवाय पलीकडून सर्टिफिकेटच आलं नाही, तरी हे फंक्शन ‘सगळं ठीक’ असंच उत्तर देतं. म्हणून नंतर विचारत बसू नये. संदर्भावर आधीच एसएसएल_व्हेरिफाय_पीअर लावावा, म्हणजे वाईट सर्टिफिकेटवर हँडशेक तिथेच तुटतो. कॉलबॅकच्या जागी नल द्यावा. कॉलबॅक लिहून त्यातून नेहमी १ परत करणं म्हणजे लावलेलं कुलूप पुन्हा उघडणं.

सर्व्हरच्या बाजूला क्लायंटचं सर्टिफिकेट मागायचं असेल, तर नुसता पीअर मोड पुरत नाही. सर्व्हर सर्टिफिकेट मागतो, क्लायंट रिकाम्या हाताने येतो, आणि जोडणी तरीही होते. सोबत एसएसएल_व्हेरिफाय_फेल_इफ_नो_पीअर_सर्ट हा झेंडा लावला तरच रिकामा हात नाकारला जातो.

एवढं करूनही होस्टचं नाव तपासलं गेलेलं नसतं! सर्टिफिकेटांची साखळी, म्हणजे सर्व्हरच्या सर्टिफिकेटापासून विश्वासू संस्थेपर्यंतचे दुवे, खरी आहे एवढंच सिद्ध होतं. कोणीही स्वतःच्या डोमेनचं खरंखुरं सर्टिफिकेट घेऊन मध्ये बसू शकतो, आणि साखळीची तपासणी त्याला बिनदिक्कत पास करेल. त्यासाठी एसएसएल_सेट१_होस्ट हवंच. एसएसएल_सेट_टीएलएसएक्स्ट_होस्ट_नेम हे दुसरं फंक्शन दिसायला सारखं आहे, काम मात्र वेगळं : ते सर्व्हरला सांगतं की मला अमुक नावाची साइट हवी आहे. एका पत्त्यावर अनेक साइट असतील आणि हे नाव पाठवलं नसेल, तर सर्व्हर आपलं ठरलेलं भलतंच सर्टिफिकेट देतो. मग पहिलं फंक्शन ‘होस्टनेम मिसमॅच’ म्हणून थांबवतं. हा त्रुटी क्रमांक ६२. दोन्ही फंक्शनना तेच नाव द्यायचं, आणि दोन्हीचं परत मूल्य तपासायचं. नावाऐवजी आयपी पत्त्याशी जोडायचं असेल तर एक्स५०९_व्हेरिफाय_पॅराम_सेट१_आयपी_एएससी वापरावं.

साठा लोड करणारं एसएसएल_सीटीएक्स_सेट_डीफॉल्ट_व्हेरिफाय_पाथ्स हे फंक्शन आणखी एका बाबतीत फसवं आहे. ठरलेल्या जागी फाइलच नसली तरी ते यशस्वी झाल्याचं सांगतं. सोर्सवरून बांधलेल्या प्रतीची जागा वेगळी असते आणि बहुधा रिकामी असते. मग प्रत्येक साइटवर ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’, म्हणजे क्रमांक २०, दिसू लागतो. कमांड लाइनवर ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ला ‘-डी’ जोडलं की ती प्रत कुठे बघते ते कळतं.

हाच क्रमांक २० सर्व्हरच्या चुकीनेही येतो. एसएसएल_सीटीएक्स_यूज_सर्टिफिकेट_फाइल फाइलमधलं फक्त पहिलं सर्टिफिकेट उचलतं. मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट मागेच राहतं. ब्राउझरमध्ये साइट बरेचदा तरीही उघडते, कारण काही ब्राउझर मधला दुवा स्वतः मिळवतात किंवा जपून ठेवतात. सी मधला क्लायंट असं काही करत नाही. सर्व्हरवर यूज_सर्टिफिकेट_चेन_फाइल वापरावं. फाइलमध्ये आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट, त्याखाली मधलं, असा क्रम ठेवावा आणि मग चेक_प्रायव्हेट_की ने किल्ली जुळते का ते पाहून घ्यावं.

त्रुटींची व्यवस्था हा या लायब्ररीचा सर्वांत अवघड कोपरा आहे. एसएसएल_रीड किंवा एसएसएल_राइट ने शून्य किंवा ऋण उत्तर दिलं की लगेच, त्याच थ्रेडवर, एसएसएल_गेट_एरर विचारायचं. प्रत्येक थ्रेडची एक एरर क्यू असते आणि हे फंक्शन तीही बघतं. आधीच्या कुठल्यातरी वेगळ्याच कामाची शिळी नोंद तिथे पडून असेल, तर धडधाकट जोडणीवरही एसएसएल_एरर_एसएसएल असं उत्तर येतं. असा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो, कारण चूक एका ठिकाणी आणि लक्षण भलत्याच जोडणीवर. उपाय एका ओळीचा आहे : प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी ईआरआर_क्लिअर_एरर. उत्तर १ (एसएसएल) किंवा ५ (सिसकॉल) आलं की ती जोडणी संपली. तिच्यावर पुढे काही लिहू नये, एसएसएल_शटडाउनही करू नये. सरळ मोकळी करावी.

नॉन-ब्लॉकिंग (वाट न बघता लगेच परतणारा) सॉकेट वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, वॉन्ट_रीड म्हणजे ‘वाचन अडलं’ असं नव्हे. लिहितानाही वॉन्ट_रीड येऊ शकतं आणि वाचतानाही वॉन्ट_राइट, कारण टीएलएस १.३ मधला की अपडेट (किल्ली बदलणं) किंवा जुन्या आवृत्तीतलं रीनिगोशिएशन (पुन्हा बोलणी करणं) मध्येच उलट्या दिशेचं काम काढतं. सॉकेट त्या दिशेला तयार होईपर्यंत थांबायचं आणि मूळचं फंक्शन पुन्हा बोलवायचं. दोन, टीएलएसचा एक रेकॉर्ड १६,३८४ बाइटपर्यंतचा असतो. तुम्ही ४,०९६ बाइटचा बफर देऊन वाचलं तर उरलेला उलगडलेला डेटा लायब्ररीच्या पोटात राहतो आणि सॉकेट रिकामा होतो. पोल किंवा ईपोल (सॉकेटवर डेटा आला का ते सांगणारी फंक्शनं) मग कायमचं वाट बघत बसतं. म्हणून वॉन्ट_रीड येईपर्यंत वाचत राहावं, किंवा पोलला जाण्याआधी एसएसएल_पेंडिंग विचारावं. डेटा आलेला असून प्रोग्राम गप्प, अशा तक्रारीत हे कारण आधी तपासावं.

लेखनाचा नियमही कडक आहे. अर्धवट राहिलेलं एसएसएल_राइट पुन्हा करताना तोच बफर, तीच लांबी द्यावी लागते, नाहीतर ‘बॅड राइट रिट्राय’ मिळतं. बफर रिअलॉक होत असेल आणि मजकूर तोच राहत असेल, तर एसएसएल_मोड_ॲक्सेप्ट_मूव्हिंग_राइट_बफर लावावा. इव्हेंट लूपमध्ये तो जवळपास सगळ्यांनाच लागतो. लांबी इंटमध्ये मोजायची नसेल तर रीड_ईएक्स आणि राइट_ईएक्स घ्यावीत. ती साइझ_टी घेतात.

जोडणी बंद करताना एसएसएल_शटडाउन पहिल्या हाकेला ० देतं. ही त्रुटी नव्हे. आपला निरोप गेला, समोरचा यायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्याने निरोप न देता सॉकेट तोडला, तर ३.० पासून ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ व्हाइल रीडिंग’ अशी ठणठणीत त्रुटी येते. पूर्वी तिथे सिसकॉल आणि शून्य एररनो असं संदिग्ध उत्तर मिळायचं. ३.० वर आल्यावर पुष्कळांचे प्रोग्राम ओरडू लागले ते यामुळे. ती त्रुटी गप्प करण्याचा पर्याय आहे, पण एचटीटीपीसारख्या लांबी आधी सांगणाऱ्या प्रोटोकॉलमध्येच तो वापरावा. ‘जोडणी तुटली म्हणजे मजकूर संपला’ असं मानणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये मधला माणूस मजकूर अर्ध्यात कापू शकतो, आणि ते ओळखायचं हेच एक साधन आहे. एसएसएल_सेट_एफडी ने दिलेला सॉकेट एसएसएल_फ्री बंद करत नाही, हेही लक्षात असू द्यावं. क्लोज आपणच करायचं.

टीएलएस १.३ मुळे आणखी दोन गोष्टी बदलल्या. क्लायंटचं सर्टिफिकेट सर्व्हरने नाकारलं तरी क्लायंटकडचं एसएसएल_कनेक्ट यशस्वी होतं. नकार पहिल्या वाचनात कळतो, त्यामुळे ‘जोडलो, म्हणजे ओळख पटली’ असं गृहीत धरू नये. दुसरं, हँडशेकनंतर सर्व्हर सेशन तिकिटं (पुढची जोडणी झटपट व्हावी म्हणून) पाठवतो, मूळ संख्या दोन. क्लायंट न वाचताच बंद झाला तर सर्व्हरला सिगपाइप (तुटलेल्या जोडणीवर लिहिल्याचा सिग्नल) बसून अख्खी प्रक्रिया मरू शकते. सर्व्हरमध्ये सिगपाइप दुर्लक्षित करावाच, आणि तिकिटं नको असतील तर सेट_नम_टिकेट्स ने शून्य करावीत.

३.५ मधला ठळक बदल क्वांटमोत्तर, म्हणजे क्वांटम संगणकापुढेही टिकाव्यात अशा, किल्ल्यांचा आहे. क्लायंट आता आपणहून एक्स२५५१९एमएलकेईएम७६८ हा संकरित गट (जुनी आणि नवी पद्धत जोडून किल्ली ठरवणारा) देऊ करतो. त्याचा एकट्याचा वाटा १,२१६ बाइट, त्यामुळे पहिला क्लायंट हॅलो बहुधा एका टीसीपी पाकिटात मावत नाही. पहिल्याच पाकिटात सगळं येईल असं मानणारे जुने सर्व्हर आणि फायरवॉल तिथे अडकतात. हँडशेक लटकतो आणि शेवटी वेळ संपते. अशा एखाद्या जागेपुरती सेट१_ग्रुप्स_लिस्ट ने ‘एक्स२५५१९:पी-२५६’ अशी यादी द्यावी. सगळीकडे हा गट बंद करू नये. आज साठवलेला संवाद उद्या उलगडला जाऊ नये यासाठीच तो आहे, आणि मला तरी ३.५ कडे जाण्याचं हे सर्वांत चांगलं कारण वाटतं. ३.२ पासून मूळ सुरक्षा पातळीही (किल्ल्या किमान किती मजबूत हव्यात ते ठरवणारी) १ वरून २ झाली आहे. २,०४८ बिटांहून लहान आरएसए किल्ली असलेली जुनी उपकरणं ‘ईई की टू स्मॉल’ म्हणून नाकारली जातात. त्यावर खरा उपाय किल्ली बदलणं हाच.

सोबतची हत्यारं उत्तम आहेत. एस_क्लायंट या कमांडला व्हेरिफाय_रिटर्न_एरर देऊन जोडलं की चूक आपल्या कोडमध्ये आहे की सर्व्हरमध्ये, याचा निवाडा मिनिटभरात होतो. ‘राँग व्हर्जन नंबर’ दिसलं तर बहुतेक वेळा पलीकडचं पोर्ट साधं, एन्क्रिप्शनविना असतं. पाकिटं वायरशार्क या नेटवर्क तपासणीच्या साधनात उलगडून पाहायची असतील तर जोडणीच्या किल्ल्या लिहून ठेवणारा की-लॉग कॉलबॅक लावता येतो. तो प्रत्यक्ष वापरातल्या बिल्डमध्ये मुळीच राहू देऊ नये. मॅन्युअलची पानं पूर्वी विखुरलेली होती. ३.२ पासून मार्गदर्शिका जोडली आहे आणि तिच्यातले ब्लॉकिंग व नॉन-ब्लॉकिंग क्लायंटचे नमुने थेट उचलण्याजोगे आहेत. इंटरनेटवरचे १.०.२ च्या काळातले नमुने मात्र टाळावेत. त्यांतल्या पुष्कळांत होस्टनेमची तपासणी नाही, आणि १.१.० मध्ये स्ट्रक्चर झाकली गेल्यामुळे अनेक कंपाइलही होत नाहीत.

पर्याय कधी बघावा? काही शे किलोबाइट मेमरीच्या उपकरणासाठी एम्बेड टीएलएस किंवा वुल्फएसएसएल बरी. बोरिंगएसएसएल गुगलने स्वतःसाठी ठेवली आहे, तिचा इंटरफेस स्थिर राहील असं आश्वासन नाही. बाहेरच्या प्रकल्पाने ती घेताना प्रत्येक बदलामागे धावायची तयारी ठेवावी. साधा क्लायंट लिहायचा असेल आणि बारीकसारीक नियंत्रण नको असेल, तर लिब्रेएसएसएलमधली लिबटीएलएस खरोखर चांगली आहे. हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या गंभीर दोषानंतर २०१४ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलपासून लिब्रेएसएसएल वेगळी काढली. लिबटीएलएसमध्ये टीएलएस_कनेक्ट ला होस्ट आणि पोर्ट दिलं की साखळी आणि नाव दोन्ही न सांगता तपासलं जातं, आणि तपासणी बंद करणाऱ्या फंक्शनच्या नावातच ‘इन्सिक्युअर’ हा शब्द आहे. ओपनएसएसएलने हेच करायला हवं होतं. तरीही सर्व्हर, क्विक हा यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल किंवा क्वांटमोत्तर किल्ल्या हव्या असतील, तर ३.५ घ्यावी. १.१.१ ची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली आहे, आणि ३.० वर थांबलेल्यांच्या हाती सप्टेंबर २०२६ पर्यंतचाच वेळ आहे.