ओव्यांच्या मुद्रणाला नोंदी जोडताना : रीपर की एलान?

गावात बसून केलेल्या दीड-दोन तासांच्या ध्वनिमुद्रणातून जात्यावरच्या ओव्या वेगळ्या काढायच्या, प्रत्येकीला गायिका, गाव, विषय आणि चाल यांच्या नोंदी जोडायच्या आणि शेवटी त्या सर्व नोंदी अहवालाच्या तक्त्यात उतरवायच्या, असे काम ज्यांच्यापुढे आहे, त्यांना आज ना उद्या रीपर (ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर) आणि एलान (मुद्रणाला नोंदी जोडण्याचे सॉफ्टवेअर) या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. मी पहिले वर्षभर रीपरमध्ये काम केले आणि त्यानंतर एलानकडे वळलो. दोन्हींची मांडणी कशी दिसते आणि ती कुठून मिळवायची, हे वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून नोंदी लिहिणे आणि त्या बाहेर काढणे एवढ्यापुरतेच येथे लिहितो.

रीपरची बाजू आधी मांडतो, कारण ती बलवान आहे. आवाजाच्या पट्टीवर ओवीचा भाग निवडायचा, त्याचा रीजन (म्हणजे नाव देता येणारा, आखलेला तुकडा) करायचा, त्याला नाव द्यायचे आणि पुढच्या ओवीकडे जायचे, हे हाताला इतके लवकर बसते की तासाभराचे मुद्रण मी एका बैठकीत संपवत असे. सर्व रीजनची यादी एका खिडकीत दिसते आणि तीच यादी सीएसव्ही (तक्त्यात उघडता येणारी साधी मजकूर फाइल) म्हणून बाहेर काढता येते. तुकडे पाडताना प्रत्येक फाइलला रीजनचे नाव आपोआप मिळते. शिवाय नोंदी वेव्ह या ध्वनिफाइलच्या पोटातच लिहिता येतात, त्यामुळे एखादा तुकडा मूळ संग्रहापासून दूर गेला तरी तो कोणाचा आणि कुठला, हे त्याच्याबरोबर जाते. संग्रहालयासाठी काम करणाऱ्याला ही सोय मोलाची वाटेल, आणि ती योग्यच आहे.

मात्र या सोयीला मराठीची एक अडचण आहे. ब्रॉडकास्ट वेव्ह या, नोंदींसह आवाज साठवणाऱ्या फाइलप्रकारात वर्णनासाठी जी जागा असते, ती २५६ बाइटची आहे आणि मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत ३ बाइट घेते. मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांतच जागा संपते, आणि गायिका, गाव, तालुका व ओवीची पहिली ओळ एवढे लिहिले की वर्णन मध्येच तुटते. आयएक्सएमएल हा त्याच फाइलमधील नोंदींचा दुसरा कप्पा यूनिकोड (सर्व लिप्यांच्या चिन्हांची प्रमाण संकेतपद्धती) नीट सांभाळतो, पण तो वाचणारी साधने सर्वांकडे असतातच असे नाही. फाइलच्या पोटात थोडक्यात रोमन लिपीत ओळखक्रमांक लिहायचा आणि बाकीचे तक्त्यात ठेवायचे, असा मार्ग मी काढला होता.

आता ज्या गोष्टीने माझे मन वळले ती सांगतो. भोर तालुक्यातील मुद्रणांचा एक अहवाल मी व माझ्या सहकारी ताईंनी मिळून तयार केला होता. रीपरमध्ये रीजनच्या नावातच उभी रेघ घालून गायिका, विषय आणि चाल लिहायची, असे आमचे ठरले होते. सीएसव्ही तक्त्यात घेतली, रेघांवरून रकाने पाडले आणि विषयवार मोजणी केली, तेव्हा ‘नवऱ्याविषयी’ हा विषय दोन ओळींत आला: एकीत १४ ओव्या, दुसरीत ९. दोन्ही शब्द पडद्यावर तंतोतंत सारखे दिसत होते. मी ते मोठे करून पाहिले, टंक बदलून पाहिले, मागे-पुढे मोकळी जागा राहिली आहे का ते तपासले, आणि तरीही फरक सापडेना. अखेर एकेक चिन्ह सुटे करून पाहिल्यावर उलगडा झाला. आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. माझा कळफलक पहिला प्रकार उमटवत होता आणि ताईंचा दुसरा. वाचणाऱ्याला शब्द एकच दिसत होता, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होते. त्या अहवालात विषयांची क्रमवारी चुकीची गेली होती, आणि संस्थेला तो पाठवून झाल्यावर हे आमच्या लक्षात आले. दुरुस्तीचे पत्र लिहिताना मला फार वाईट वाटले, कारण ज्या बायकांनी दळण आणि स्वयंपाक बाजूला ठेवून गाऊन दाखवले होते, त्यांच्या गाण्याची गणती आम्ही अर्धवट केली होती.

त्यानंतर शोधले तर अशा जोड्या आणखी सापडल्या. ‘ओवी-सासुरवास’ आणि ‘सासुरवास’, ‘पंढरपूर’ आणि ‘पंढरपुर’ ही तर डोळ्यांना दिसणारी रूपे होती. न दिसणारी वेगळीच. प्रत्येक अहवालाआधी शोधून-बदलून सर्व शब्द एकसारखे करण्याचे काम आम्ही काही महिने केले, पण नवे मुद्रण आले की नवी रूपे येत.

एलानमध्ये हा प्रश्न मुळापाशीच सुटतो. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील मॅक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने हे साधन भाषाभ्यासकांसाठी तयार केले आहे, आणि त्यात प्रत्येक पट्टीला, म्हणजे आवाजाखालच्या नोंदींच्या ओळीला, नियंत्रित शब्दसूची जोडता येते. विषयाच्या पट्टीवर दोनदा क्लिक केले की सूची उघडते आणि त्यातलाच शब्द निवडावा लागतो. ‘नवऱ्याविषयी’ हा शब्द आम्ही सूचीत एकदाच लिहिला. त्यानंतर तो कोणीही, कोणत्याही कळफलकावर बसून निवडला तरी चिन्हे तीच राहतात. ओव्यांच्या बाबतीत ठरलेल्या वर्गवारीचे महत्त्व हेमा राईरकर आणि गी प्वातवां या अभ्यासकांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे पाहिले की कळते: एक लाखाहून अधिक ओव्या जमवताना त्यांनी विषयांची टप्प्याटप्प्याची वर्गवारी आणि तिचे संकेतांक ठरवले होते. आमचे काम त्यापुढे अगदीच छोटे असले, तरी विषयाचे नाव दर वेळी हाताने लिहू नये, हा धडा तेथेही दिसतो.

दुसरा फरक आवाजांच्या सरमिसळीचा आहे. एक बाई ओवी उचलते, दुसरी मध्येच साथ धरते, आणि पहिलीची ओळ संपण्याआधी तिसरी बोलू लागते. रीपरमध्ये एकावर एक आलेले रीजन करता येतात, पण त्यांची नावे वाचताना गोंधळ होतो. एलानमध्ये प्रत्येक गायिकेची पट्टी वेगळी असल्याने कोणाचा आवाज कोठे सुरू झाला, हे स्वच्छ दिसते. ओवीची वेळ एकदाच आखायची, आणि विषय, गाव व गळा यांच्या पट्ट्या तिच्याखाली टांगायच्या. ओवीची हद्द सरकवली की त्यांच्याही हद्दी सरकतात. गळा म्हणजे चाल. बायका हाच शब्द वापरतात आणि आम्ही पट्टीलाही तेच नाव दिले आहे.

तिसरी गोष्ट काहींना किरकोळ वाटेल. रीपरमध्ये ट्रॅक्टरचा आवाज किंवा चहाच्या वेळच्या गप्पा कापून मधली जागा मिटवली की पुढच्या सर्व वेळा सरकतात, आणि अहवालातील वेळ मूळ मुद्रणाशी जुळत नाही. मूळ फाइल न कापण्याची शिस्त पाळली तर हे टळते, पण कापण्याची सोय हाताशी असताना ती शिस्त मला नेहमी पाळता आली नाही. एलान मूळ आवाजाला हातच लावत नाही.

एलानच्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिला दिवस पट्ट्यांचे प्रकार आणि त्यांचे परस्परसंबंध समजून घेण्यात जातो, आणि तो दिवस कंटाळवाणा आहे. आवाज स्वच्छ करण्याची कोणतीही सोय त्यात नाही. नोंदी ईएएफ या एलानच्या स्वतःच्या, वेगळ्या फाइलमध्ये राहतात, त्यामुळे वेव्ह फाइलचे नाव बदलले की एलान ती कोठे आहे हे विचारू लागते. तुकडे पाडणे त्यात थेट जमत नाही. त्यासाठी मी ओव्यांची पट्टी सेकंदांतल्या वेळांसह, टॅबने विलगलेल्या मजकुरात काढतो, सुरुवात, शेवट आणि मजकूर एवढेच रकाने ठेवतो, आणि ती ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकामध्ये लेबल म्हणून उघडून तेथून सर्व तुकडे एकदम पाडतो. हा वळसाच आहे, पण दहा मिनिटांत संपतो.

अहवालासाठी मात्र एलानची निर्यात मला अधिक सरळ वाटली. प्रत्येक पट्टीला वेगळा रकाना मिळतो, रेघांवरून मजकूर फोडावा लागत नाही, आणि अनेक ईएएफ फाइलींचा एकच तक्ता करता येतो. ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडले की देवनागरी जशीच्या तशी उतरते.

ज्यांचे मुख्य काम आवाजाचे संपादन आहे, जे एकटेच नोंदी लिहितात आणि ज्यांना तुकड्यांच्या पोटात माहिती हवी आहे, त्यांनी रीपर सोडण्याचे कारण मला दिसत नाही. माझा अनुभव एका तालुक्यातील मोजक्या मुद्रणांचा आहे आणि दोघांच्या हातांचा आहे. वीस जणांच्या गटात काय होईल, हे त्यावरून ठरवणे धाडसाचे होईल. पण जेथे दोन माणसे मराठीत नोंदी लिहिणार आहेत आणि त्या नोंदी पुढे मोजल्या जाणार आहेत, तेथे मी एलानच सुचवेन. सुरुवात करणार असाल तर पहिली ओवी आखण्याआधी विषयांची सूची दोघांनी एकत्र बसून, एकाच कळफलकावर लिहावी आणि ती साच्याच्या फाइलमध्ये (जिच्यावरून प्रत्येक नवी ईएएफ फाइल सुरू करायची) जपून ठेवावी. आमच्या सूचीत सध्या ३१ विषय आहेत. नवा विषय लागला तर ताई फोन करतात, आम्ही बोलून तो ठरवतो, आणि मगच तो साच्यात चढतो.