सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट: फी जास्त, पण काम चोख
बिल्डिंग ३० वर्षं ओलांडलेली, म्हणजे मुंबईत ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) कायद्यानेच आलं. आधी एकजण फोटोबिटो काढून लगेच रिपोर्ट देतो म्हणाला, त्याला लांबूनच नमस्कार. या इंजिनियर बाईंनी मात्र पार्किंगमधल्या कॉलमचं प्लास्टर फोडून सळई उघडी केली, गंजून पापुद्रे सुटत होते हो! रिबाउंड हॅमर (ठोकून वरचा कडकपणा मोजतात), अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतली तपासणी), कोअर (काँक्रीटचा तुकडा काढून चाचणी) सगळं केलं, कारण जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे) कडक होतो आणि नुसत्या हॅमरचं रीडिंग फुगीर येतं. सेक्रेटरीकाका 'सी३ लिहा ना मॅडम' (म्हणजे फक्त किरकोळ दुरुस्तीचा वर्ग) म्हणून मागे लागले, पण बाई हलल्या नाहीत, सी२बी (इमारत रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती) म्हणजे सी२बी, आणि आधी टेकू लावा मग बाकीचं बोला. रिपोर्टला उशीर झाला तेवढा एक स्टार कापला.