मोआचा लाकडी सांगाडा: पाचपैकी तीन तारे

चाळीसगावात माझं सुतारकाम आहे, चाळीस वर्षं झाली. मोआ म्हणजे न्यूझीलंडचा नामशेष झालेला, न उडणारा अवाढव्य पक्षी. नातीने ऑनलाइन मागवलेला त्याचा ८४९ रुपयांचा ‘लाकडी’ सांगाडा खोक्यातून बाहेर आला, तेव्हा पहिल्यांदा तेच बोललो: हे लाकूड नव्हे, एमडीएफ आहे, तीन मिलिमीटरचं. विकणाऱ्याने भुशाला लाकूड म्हणू नये.

कापणी मात्र एक नंबर. ९२ तुकडे, लेझरने कापलेले. खाचेत कुसू असा बसतो की सरस लागला नाही. फक्त बरगड्यांपाशी दोन हात पॉलिश पेपर मारा, जोर केलात की मोडलंच. ३७ नंबरचा तुकडा मोडकाच आला होता. दोनदा कळवलं, उत्तर नाही. शेवटी शिसवीच्या उरलेल्या पट्टीतून मी नवा कापला. आता आमच्या मोआच्या डाव्या पायात एक हाड शिसवीचं आहे, आणि तेच सगळ्यात सरळ आहे.

बायको बघून म्हणाली, “हाई काय शे, शहामृग?” तिचं चुकलं नाही, खोका बनवणाऱ्यालाही तोच घोळ झालाय. ७१ आणि ७२ नंबरचे तुकडे म्हणजे पंख. नात बीएस्सीला प्राणीशास्त्र शिकते. ती म्हणाली, “आबा, हे लावू नका.” शहामृगाला पंख असतात, किवीलाही चिमूटभर असतात, पण न्यूझीलंडच्या या मोआला पंखाचं एक हाडसुद्धा नव्हतं. मग सांगाड्यात पंखांसाठी खाचा कशाला पाडल्या? त्या मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या.

दुसरी चूक खोक्यावरच छापली आहे: ‘नर मोआ, उंची १२ फूट’. थोराड मोआ असायची ती मादी, अडीचशे किलोच्या आसपास. नर तिच्यापुढे किरकोळ. फरक एवढा की मोठे आणि लहान मोआ वेगळ्या जातींचे असंच अभ्यासक धरून चालले होते. २००३ साली डीएनए तपासला तेव्हा नवराबायको निघाले. बारा फूटही मान वर ताणली तरच. एरवी मान पुढे काढून चालायचा. सांगाडा मात्र विजेच्या खांबासारखा ताठ उभा केलाय.

माहितीचा कागद तर अगदीच कोरडा. भालेवाल्याचं चित्र आणि खाली एक ओळ, ‘माओरी शिकाऱ्यांनी संपवला’. माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, तिथे इसवी सन १३००च्या सुमारास पोचले आणि साधारण शे-दीडशे वर्षांत मोआ संपला, इतकं खरं. पण एवढ्या लवकर का? नातीने मोबाइलवर मोआच्या हाडाचा आडवा छेद दाखवला आणि मी चष्मा पुसून परत पाहिला. हाडात वलयं! सागाच्या ओंडक्यात असतात तशी, वर्षाला एक. बहुतेक पक्षी वर्षाच्या आत पूर्ण वाढतात, मोआला वर्षानुवर्षं लागायची, काहींना तर दहाच्या आसपास. सागाची झाडंही तोडली आणि बियाही खाल्ल्या तर जंगल किती टिकेल? माणसांनी मोठे मोआ भट्टीत भाजले, अंडीही खाल्ली. हे दोन ओळींत छापता आलं असतं.

१८३९ साली लंडनमध्ये प्राणीशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी जेमतेम वीतभर हाडाच्या तुकड्यावरून सांगितलं होतं की न्यूझीलंडला असा अवाढव्य पक्षी होऊन गेला. हे मला पटतं. खुर्चीचा मोडका पाय हातात दिला तर मीही खुर्ची केवढी होती ते सांगतो.

खोक्यात एक अंडंही आहे, दोन अर्धे जोडायचे. ते बघून नात म्हणाली, “आपल्या पाटण्यातही सापडलंय की.” तिथे मोआ नव्हता, शहामृग होता. आमच्या तालुक्यातल्या पाटणादेवीच्या देवळात शंभरदा गेलो असेन, पण शेजारच्या पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ साळींनी सत्तरच्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला तुकडा सापडल्याचं मला ठाऊक नव्हतं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. दगडाच्या टोकाने भोक पाडलेले! मी कोंबडीच्या टरफलावर गिरमिट लावून पाहिलं, तीनदा चुरा झाला. शहामृगाचं कवच जाड असतं, हे कबूल. तरी त्या कारागिराचा हात बघायला मिळाला असता तर मी त्याच्याकडे उमेदवारी केली असती.

घ्यावा का? मुलांना जोडायला द्यायचा तर घ्या, दोन दुपारी मजेत जातात. माहितीचा कागद मात्र आधी काढून ठेवा. कापणीला चार तारे, माहितीला एक, आणि ३७ नंबरचा राग बाजूला ठेवून एकूण तीन.

उरलेल्या पंखांपैकी एक नातीने पुस्तकात खूण म्हणून ठेवलाय. दुसरा कुलरच्या स्टँडखाली पाचर म्हणून बसला, आता हलत नाही.