गल्लीच्या मेळाव्यासाठी रस्ताबंदी : इंग्लंडमधील एका कौन्सिलची सेवा

उन्हाळ्यातील मेळाव्यासाठी आमचा रस्ता एका रविवारी दुपारपुरता बंद ठेवण्याची परवानगी आम्ही शेजाऱ्यांनी स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेसारख्या संस्थेकडे, मागितली होती. ती वेळेत मिळाली. तरीही ही सेवा मी उत्तम न म्हणता बरी म्हणेन.

अर्ज ऑनलाइन आहे आणि आमच्याकडून शुल्क घेतले गेले नाही, मात्र काही कौन्सिले ते आकारतात. चार ते बारा आठवडे आधी अर्ज करावा, असे सरकारी मार्गदर्शन आहे आणि ते मनावर घ्यावे, कारण शेजाऱ्यांना कळवणे आणि हरकती आल्यास त्यांचा निपटारा करणे यातच बराच वेळ जातो.

कौन्सिलला रस्ता बंद करण्याचा अधिकार मुख्यतः दोन कायद्यांतून मिळतो. १८४७ च्या टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्टचे कलम २१ मिरवणुका, जल्लोष आणि गर्दीच्या प्रसंगांसाठी आहे, आणि लहान मेळाव्यांसाठी आजही तेच जुने कलम सर्रास वापरले जाते. १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टमध्ये १९९४ साली घातलेले कलम १६अ अधिक काटेकोर आहे : कार्यक्रम रस्त्याखेरीज अन्यत्र घेणे व्यवहार्य नाही याची प्राधिकरणाने खात्री करून घ्यायची, वळवलेल्या वाहतुकीसाठी पर्यायी मार्ग सुरक्षित आणि सोयीचा आहे का हे पाहायचे, आणि मंत्र्यांच्या संमतीशिवाय बंदी तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही. घरांकडे पायी जाण्याची वाट तर बंद करताच येत नाही.

माझी खरी तक्रार अर्जाच्या रचनेबद्दल आहे. निर्णय ज्या प्रश्नावर अवलंबून असतो, म्हणजे वळवलेली वाहने कुठून जाणार, त्याला शेवटच्या पानावर जेमतेम दोन ओळींची जागा आहे. उलट सार्वजनिक दायित्व विम्याची (कार्यक्रमात कुणाला इजा किंवा नुकसान झाल्यास भरपाईसाठीच्या विम्याची) चौकशी पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत. केंद्र सरकारने असा विमा सक्तीचा केलेला नाही, हे तिथे एका वाक्यात सांगितले असते तर आमच्या गटातील निम्मी चर्चा वाचली असती. चार घरांचा चहा आणि हजारोंचा कार्निव्हल यांना एकच अर्ज, हेही अजबच.

अधिकारी बाई मात्र कामात पक्क्या निघाल्या. नकाशा पाहताच त्यांनी कोपऱ्यावरील टेबले सरकवायला सांगितली, कारण अग्निशमन दलाची गाडी तिथून वळली नसती, आणि अडथळे क्षणात हलवता येतील असेच हवेत, अशी अट आदेशात लिहिली.

फलक आणि अडथळे कौन्सिल पुरवत नाही. ते आम्हाला भाड्याने आणावे लागले. दारू विकायची असेल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस (तात्पुरत्या कार्यक्रमाची पूर्वसूचना) वेगळी द्यावी लागते, तीही किमान दहा कामकाजाचे दिवस आधी. तुमच्या रस्त्यावरून बस जात असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी कौन्सिलला फोन करून पर्यायी मार्गाबद्दल बोलून घ्या.