पहिली गोणी कुठल्या मातीची?

कुंभाराच्या चाकावर हात बसू लागला की खर्चाचा प्रश्न येतोच: लाल माती, स्टोनवेअर (जास्त तापून दगडासारखी घट्ट होणारी माती) की पोर्सिलेन (पांढरी चिनी माती)? मी आधी विचारते, भट्टी कुणाची आणि ती किती तापते? १०५० अंशांवर थांबणाऱ्या भट्टीत स्टोनवेअर कच्चंच राहतं. उलट, साधी लाल माती १२५० ला नेलीत तर भांडं फुगून, वितळून भट्टीतल्या शेल्फला चिकटतं, आणि शेल्फचे पैसे तुमच्याकडूनच वसूल होतात.

लाल माती १००० ते ११०० अंशांच्या आसपास भाजतात. ती स्वस्त असते आणि चाकावर पटकन ऐकते. भाजूनही सच्छिद्र राहते, म्हणून माठातलं पाणी गार होतं. आणि म्हणूनच ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नीट बसलं नाही तर मगाखाली टेबलावर ओलं वर्तुळ उमटतं. तिच्यातल्या लोहामुळे वर लावलेला निळा काळपट दिसतो. त्यावर उपाय पांढऱ्या मातीचा लेप, म्हणजे स्लिप. आणि लेप दिला की स्ग्राफिटो, म्हणजे लेप कोरून खालची माती उघडी करायची नक्षी, करायचा मोह होतोच.

यात सगळा खेळ वेळेचा. भांडं चामड्याइतकं कडक झालं, म्हणजे नखाचा वळ उठतो पण बोट रुतत नाही, की लेप द्यायचा आणि त्याची ओली चमक उडाली की कोरायचं. घाई केलीत तर रेघेच्या कडेला चिखल जमतो, उशीर केलात तर लेपाचे टवके उडतात. वेळ साधली की सुईपुढे केसासारखा कीस सुटतो आणि खालची लाल रेघ उघडी पडते. पुण्यात एप्रिलमध्ये ही वेळ चहा पिऊन येईपर्यंत निघून जाते. जुलैमध्ये तेच भांडं दोन-दोन दिवस ताटकळत ठेवतं.

रोजच्या वापराचे मग-वाडगे करायचे असतील तर माझं मत सरळ स्टोनवेअरला. १२०० ते १२८० अंशांवर ते घट्ट होतं, टिचकी मारली की खणकन वाजतं. मात्र साधारण १२ टक्के आकसतं: १० सेंटिमीटरचा मग ८.८ चा होऊन बाहेर येतो. इथे सजावट मुख्यतः ग्लेझची. तांब्याचं एकच ग्लेझ विजेच्या भट्टीत हिरवं होतं, तर गॅसच्या भट्टीत हवा कोंडून भाजलं तर लाल होऊ शकतं. निळी-पांढरी नक्षी हवी असेल तर पांढरं स्टोनवेअर आणि कोबाल्टचं अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझच्या खाली लावायचा निळा रंग, घ्या. (जयपूरची ब्लू पॉटरी डोळ्यांपुढे असेल, तर तिथला मुख्य माल माती नसून क्वार्ट्झची पूड असते.)

पोर्सिलेन पातळ ओढलं तर त्यातून उजेड दिसतो, पण घडवताना बसलेला धक्का ते विसरत नाही. हाताने सरळ केलेला काठ भट्टीतून पुन्हा वाकडा येतो. शिवाय लाल माती मळलेल्या फळीवर मळलंत तर डाग पडलाच म्हणून समजा. त्याचा पांढरेपणाच हवा असेल तर गोणी नको. किलोभर आणून पाण्यात घोळवा आणि ओलसर स्टोनवेअरवर लेप द्या.